अण्णासाहेबांचं ऐच्छिक अपहरण

"अण्णासाहेब पडणार नाहीत," त्यांचे जावईबापू म्हणाले.

कल्याणीनं वहीत लिहून घेतलं.

"धावणार नाहीत. आणि त्या मुंगसाशी बोलणार नाहीत."

"पण सर, मुंगूस आमचा सहनायक आहे. तो सगळ्यांशी बोलतो."

"त्यानं बोलावं की! अण्णासाहेब उत्तर देणार नाहीत."

जावईबापूंनी टेबलावरचा कागद उचलून लांब धरला. त्यावर नटवर्य पद्माकर तळवलीकर यांचं कार्टून होतं. विरळ पांढरे केस, खांद्यावर उपरणं, आणि सदऱ्यात मावायची फारशी इच्छा नसलेलं पोट.

"अण्णासाहेबांचं पोट एवढं नाही."

"कार्टून आहे सर. थोडं वाढवावंच लागतं."

"वाढवायचंच असेल तर केस वाढवा. आणि मुख्य मुद्दा राहिलाच. शेवटी त्यांची सुटका कोण करतं?"

"टोपले करतो."

"जमणार नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं रंगभूमी गाजवली, त्याला कोण सोडवणार, तर हा पीठ लागलेला इसम?"

पीठ लागलेला इसम म्हणजे मी. कोपऱ्यात बसून मी चहा पीत होतो. जावईबापूंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, आणि त्यात नवीन काही नव्हतं.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या तळघरात आम्ही 'गुप्तहेर टोपले' नावाची कार्टून मालिका करत होतो. टोपले हा अतिगुप्त खात्याचा हेर. खात्याचं कार्यालय पिठाच्या गिरणीखाली, त्यामुळे टोपले कितीही वेष बदलून गेला तरी अंगावरच्या पिठावरून शेंबडं पोरसुद्धा त्याला ओळखायचं. त्याच्याबरोबर एक मुंगूस असायचं. खात्यातली सगळी अक्कल त्या मुंगसाकडे होती. दिग्दर्शिका कल्याणी उंबरकर, वय वर्षं सत्तावीस. आणि टोपलेचा आवाज मी, दिगंबर खरवडे, वय वर्षं बावन्न.

सव्वीस भाग झाले होते आणि वाहिनीचं पत्र आलं होतं. पत्राची भाषा गोड होती, मतलब कडू होता. एखादं मोठं नाव पाहुणे कलाकार म्हणून आणलंत, तर पुढचे सव्वीस भाग. नाही तर आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

बाकीची मंडळी तरुण होती, त्यांना दुसरं काम मिळालं असतं. माझं तसं नव्हतं. टोपलेच्या आधी मी नाटक कंपनीत अकरा वर्षं प्रॉम्प्टर होतो. म्हणजे अंधाऱ्या विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात बारकी बॅटरी, आणि नट अडखळला की त्याला वाक्य द्यायचं. असं, की त्याला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. प्रॉम्प्टर उत्तम आहे याची खूण एकच, तो आहे हे कोणाला कळता कामा नये. नंतर दहाएक वर्षं मी शाळांची वेळापत्रकं छापणाऱ्या छापखान्यात प्रुफं तपासली. तिथंही चूक राहिली तरच माझी आठवण निघायची. आणि मग पन्नाशीत टोपले आला. शेजारची पोरं जिन्यात मला गाठून म्हणायला लागली, "आजोबा, टोपलेसारखं बोला ना!" जन्मात पहिल्यांदा कोणी मला मोठ्यानं बोलायला सांगत होतं. तो टोपले मला मरू द्यायचा नव्हता. बास, एवढंच होतं.

आणि त्याला वाचवायला सगळ्या महाराष्ट्रातून कोण सापडावं? पद्माकर तळवलीकर!

अकरा वर्षं मी ज्यांना वाक्यं पुरवली ते हेच. वाद नको म्हणून सांगतो, माणूस नट म्हणून थोरच होता. आवाज असा, की नाट्यगृहाच्या बाहेरचा भेळवाला शेंगदाणे भाजायचं थांबायचा. पण अडखळले की त्यांची एक लकब होती. डाव्या हाताची बोटं उपरण्याच्या टोकाशी चाळा करू लागायची. प्रेक्षकांना वाटायचं, काय अभिनय आहे! मला कळायचं, आता वाक्य द्या.

आमचं फाटलं ते बार्शीला. नाटकाचा दोनशेवा प्रयोग, रविवार दुपार, थिएटर तुडुंब. तिसऱ्या अंकात अण्णासाहेब थांबले. थांबले ते थांबलेच. मग एकदम दहा पानं उडवून त्यांनी शेवटचं वाक्य घेतलं आणि परागंदा मुलाला मोठ्या मनानं क्षमा केली. मुलगा अजून परत यायचा होता. तो विंगेत वडा खात होता. पडदा वीस मिनिटं आधी पडला. पडदा पडल्यावर अख्ख्या कंपनीसमोर अण्णासाहेब माझ्यावर ओरडले, "याला वाचता येत नाही! आंधळा आहे हा!" मी संहिता त्यांच्या पायाशी ठेवली आणि मिळेल त्या एस.टी.नं पुण्याला आलो. चूक यांची आणि खापर माझ्या माथी, ही हकीकत मी बारा वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. फार रंगवून सांगायचो. बायकोला पाठ झाली होती.

कल्याणीनंही ती ऐकली होती. जावईबापू गेल्यावर ती म्हणाली, "दिगूकाका, तुम्हाला चालेल ना? नाही तर दुसरं नाव बघू."

"दुसरं कोण येतंय?"

"कोणीच नाही," ती म्हणाली.

मग कथा बदलली. मूळ कथेत दुष्ट डॉक्टर ढेकणे अण्णासाहेबांना पळवून नेतो. यंत्रानं त्यांचा आवाज काढून घ्यायचा आणि त्या आवाजात घरोघरी फोन करून लोकांना दारं उघडी ठेवायला सांगायचं, असा त्याचा बेत. नव्या कथेत अण्णासाहेबांना हा बेत आधीच ठाऊक असतो. ते आपण होऊन, हातातली कामं बाजूला ठेवून, पळवून न्यायला हजर राहतात. तिथं दीड पानाचं भाषण करतात. ढेकणेचे डोळे पाणावतात, अश्रू यंत्रात पडतात, यंत्र जळतं. टोपले पोचतो तेव्हा ढेकणे त्यांच्या पाया पडत असतो. कार्टूनमध्ये केस वाढले, पोट गेलं. मुंगसाचा त्या प्रसंगापुरता घसा बसला.

कार्टूनमध्ये आधी आवाज आणि मग चित्र. पात्र कुठं तोंड उघडतं, कुठं श्वास घेतं, ते आमच्या बोलण्यावरून काढतात. म्हणून ध्वनिमुद्रणाचा दिवस महत्त्वाचा. अण्णासाहेब बारा वाजता आले. बरोबर ज्येष्ठमधाच्या काढ्याचा थर्मास, टर्किश टॉवेल आणि जावईबापू. पंच्याहत्तरीला आले होते. पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावत होते.

"हे कोण?" माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं.

"हे आमचे टोपले," कल्याणी म्हणाली.

"अस्सं," ते म्हणाले आणि हातातली काठी मला धरायला दिली.

अकरा वर्षं आठ फुटांवर बसलो होतो मी या माणसापासून. काठी कोपऱ्यात नीट उभी करून ठेवली. करतो काय?

काचेच्या खोलीत आम्ही दोघं, दोन खुर्च्या, दोन माइक. काचेपलीकडे कल्याणी, जावईबापू आणि ध्वनिमुद्रक तांबोळी. समोर भाषणाचा कागद लावलेला. अण्णासाहेबांनी डोळे बारीक केले.

"सर, चष्मा आणलाय का?" कल्याणीनं माइकवरून विचारलं.

"बाई, तळवलीकर कागदात बघून बोलत नाही. पाठ आहे."

पाठ होतं. पहिल्या पाच ओळींपर्यंत. "ढेकणे! तू माझा आवाज चोरशील रे..." इथपर्यंत ते अशा झोकात यायचे, की तांबोळीचा हात आपोआप आवाज कमी करायला जायचा. आणि मग गाडी ठप्प.

"मस्त सर! फक्त एकदा पुन्हा," कल्याणी म्हणायची.

दुसरा टेक. तिसरा. पाचवा. सहाव्याला त्यांनी माइकला दोष दिला. सातव्याला ज्येष्ठमधाला. आठव्याला माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही श्वास फार मोठ्यानं घेता हो." मी श्वास लहान केला.

खोटं कशाला बोलू? मला मजा येत होती. बारा वर्षं ज्या दृश्याची वाट बघितली ते दृश्य दोन फुटांवर चाललं होतं, आणि तेही वातानुकूलित खोलीत. पुढची ओळ माझ्या जिभेवर होती. मी ती जिभेवरच ठेवली. तिथं ठेवायची सवय होती मला.

साडेतीनला जावईबापूंनी काचेवर टकटक केली. "पाच वाजता अण्णासाहेबांचा सत्कार आहे. आता एकदाच होईल. नाही जमलं तर दुसरा कलाकार बघा."

काचेपलीकडे कल्याणीचा चेहरा पांढराफटक पडला. दुसरा कलाकार नव्हता हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. हा म्हातारा त्या दारातून बाहेर पडला की त्याच्या मागोमाग टोपले जाणार होता.

दहावा टेक सुरू झाला.

"ढेकणे! तू माझा आवाज चोरशील रे..."

आणि थांबले. डाव्या हाताची बोटं उपरण्याच्या टोकाशी चाळा करू लागली. समोर प्रेक्षक नव्हते, विंग नव्हती, तरी त्यांची मान किंचित उजवीकडे झुकली. प्रयोगात माझं स्टूल तिथंच असायचं.

मी ठरवून काही केलं नाही. ओठच हलले.

"पण श्वास कुठून आणशील..."

"पण श्वास कुठून आणशील?" अण्णासाहेब गरजले. मग मी देत गेलो आणि ते घेत गेले. प्रत्येक वाक्याचे पहिले दोनतीन शब्द, त्यांचं आधीचं वाक्य संपत असताना, जसे पूर्वी द्यायचो तसेच. दीड पान कसं संपलं कळलं नाही. त्या भिकार कार्टूनमधलं ते बाष्कळ भाषण, आणि माझ्या अंगावर काटा आला. कल्याणी तर चक्क डोळे पुसत होती.

तेवढ्यात तांबोळीचा आवाज आला. "मॅडम, घोळ झालाय. काकांची कुजबुज पण आलीय. अण्णासाहेबांच्या आवाजात पार मिसळलीय, काढता येणार नाही."

अकरा वर्षं जी कुजबुज पहिल्या रांगेला कळली नाही, ती त्या माइकनं पकडली होती. नाट्यगृह नव्हतं ते. इतकी साधी गोष्ट आम्हा दोघा अनुभवी माणसांच्या ध्यानात आली नव्हती.

कल्याणी हसत सुटली. "काढू नकोस! टोपले पडद्यामागं लपलाय असं दाखवू. नटसम्राट विसरतात आणि टोपले मागून सांगतो. पोरं लोळतील हसून!"

"भलतंच काय!" जावईबापू उसळले. "अण्णासाहेबांना प्रॉम्प्टर? महाराष्ट्र काय म्हणेल?"

ऐकून झाल्यावर पाहुण्या कलाकाराच्या मंजुरीची सही लागायची. वाहिनीचा नियम होता तो. कल्याणीनं कागद पुढं केला. अण्णासाहेबांनी तो घेतला, पण सही केली नाही. म्हणाले, "सगळे बाहेर व्हा. टोपले थांबतील. आणि हे यंत्र बंद करा."

दार लागलं. ते माझ्याकडे वळले.

"खरवडे ना तू?"

"हो."

"चेहरा ओळखला नाही. ओळखणार कसा? कधी बघितलाच नाही नीट, अंधारात असायचास. पण मघाशी पहिला शब्द दिलास आणि..." ते थांबले. "बार्शीला मी तुला नाही नाही ते बोललो."

"जाऊ द्या अण्णासाहेब."

"जाऊ द्या कसं? ऐक. माफी वगैरे मला मागता येत नाही, लहानपणापासून सवय नाही. पण खरं ते सांगतो. त्या दिवशी मी थांबलो तेव्हा डोकं कोरं झालं होतं. पाटी पुसावी तसं. जन्मात कधी झालं नव्हतं. विंगेतून वाक्य आलं की नाही तेही कळलं नाही. मी घाबरलो रे. आणि घाबरलेला माणूस काय करतो, समोर सापडेल त्याच्यावर ओरडतो. त्यानंतर प्रत्येक प्रयोगाला नजर आधी विंगेकडे जायची. दोन वर्षं काढली आणि नाटक सोडलं. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात."

मी काढ्याचा थर्मास त्यांच्याकडे सरकवला.

"आता मुंबईचा एक निर्माता सहा महिने मागं लागलाय. म्हातारा बाप आहे, खुर्चीत बसून करायचं काम. मला करायचंय, खरवडे. मरायच्या आधी एकदा करायचंय. मघाशी तुझ्या जोरावर बोलत होतो तेव्हा वाटलं, जमेल की! फक्त एक सांग. बार्शीला तू वाक्य दिलं होतंस का? दिलं असशील आणि मला ऐकू आलं नसेल, तर डोकं तेव्हापासूनच कामातून चाललंय, मी नाही म्हणून कळवतो. पण नसशील दिलं, तर मग तो माझा दोष नव्हता. प्रॉम्प्टर चुकतो, माणूसच आहे. मला राग नाही येणार."

बायकोला पाठ असलेल्या हकीकतीत जे नव्हतं ते आता सांगतो.

दोनशेव्या प्रयोगाचा सत्कार दुसऱ्या अंकानंतर होता. अण्णासाहेब स्वतःच्या हातानं एकेकाला शाल-नारळ देत होते. नटांना दिला. पेटीवाल्याला दिला. पडदा ओढणाऱ्या गणपतला दिला. थिएटरच्या चहावाल्यालासुद्धा बोलावून नारळ दिला. मी विंगेत उभा होतो, नाव पुकारलं की लगेच रंगमंचावर जाता यावं म्हणून चपला काढून. अण्णासाहेबांनी विचारलं, "राहिलं का कोणी?" थेट माझ्या दिशेनं बघितलं, अंधारात. आणि म्हणाले, "नाही ना? चला, तिसरा अंक."

तिसऱ्या अंकात त्यांची बोटं उपरण्याशी गेली तेव्हा वाक्य माझ्या समोर होतं. बॅटरीच्या उजेडात स्वच्छ दिसत होतं. मी बॅटरी विझवली. मनात म्हटलं, दहा आकडे मोजू आणि देऊ. कळू दे एकदा, मी आहे ते. आठवर असताना त्यांनी उडी मारली.

म्हणजे खापर योग्य माथ्यावरच फुटलं होतं.

आता ते उत्तराची वाट बघत होते. मान किंचित उजवीकडे झुकलेली. मांडीवर मंजुरीचा कागद, सहीची जागा कोरी. खरं सांगितलं आणि यांचं डोकं फिरलं, तर हा कागद फाटणार. राग येणार नाही म्हणाले होते, पण यांचा राग मी अकरा वर्षं बघितला होता. काचेपलीकडे कल्याणी दोन्ही हात जोडून माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, मी सहीसाठी त्यांची मनधरणी करतोय.

"दिलं होतं, अण्णासाहेब," मी म्हणालो. "दोनदा दिलं होतं."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे मीच," ते म्हणाले.

मग कागद डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी सही केली. मोठ्या, जुन्या वळणाची. वर म्हणाले, "ती कुजबुज राहू दे. आहे ते आहे. आणि हे बघ, चित्रात माझं पोट होतं तेवढं दाखवायला सांग."

गाडीपर्यंत काठी मीच नेली. आत बसताना ते जावईबापूंना म्हणाले, "मुंबईला फोन कर. नाही म्हणून सांग."

"गुडघ्यांमुळे ना?" जावईबापूंनी विचारलं.

"हो. गुडघ्यांमुळे."

तो भाग तुफान गाजला. पडद्याआडून कुजबुजणारा टोपले पोरांना इतका आवडला, की पुढच्या सव्वीसऐवजी बावन्न भाग मिळाले. जिन्यातली पोरं आता म्हणायची, "आजोबा, हळू आवाजातलं बोला ना!" मीही बोलायचो. का नाही बोलणार? त्याचीच तर किंमत मोजली होती. फरक एवढाच, की ती माझ्या खिशातून गेली नव्हती.

अण्णासाहेब सहा वर्षांनी गेले. रंगमंचावर पुन्हा उभे राहिले नाहीत. शोकसभेला आयोजकांनी मला आवर्जून बोलावलं. त्यांच्यासोबत शेवटचं काम केलेला कलाकार म्हणून. शाल होती, नारळ होता, सगळं होतं. ते सगळं मी मांडीवर घेऊन बसलो. त्या दिवशी खरं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. घरी आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं होतं. माइकसमोर उभा राहिलो, सभागृह शांत झालं, आणि डोकं कोरं झालं. पाटी पुसावी तसं.

विंगेत कोणी नव्हतं. कसंबसं एवढंच म्हणालो, "बार्शीला अण्णासाहेब विसरले नव्हते. चूक माझी होती. मी वाक्य दिलं नाही."

सभागृहभर हळहळ पसरली. बारा वर्षं मी रंगवून रंगवून सांगितलेली हकीकत तिथल्या बहुतेकांना माहीत होती. खाली उतरल्यावर जावईबापूंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"गेलेल्या माणसासाठी दोष आपल्या अंगावर घेतलात," ते म्हणाले. "केवढं मन आहे हो तुमचं!"

कोणीतरी चहा आणून दिला. मी तो घेतला.